मोटार वाघिणीत, मालक बर्थवर

दूरच्या प्रवासाला स्वतःची मोटार न्यावयाची असेल, तर ती नेण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एक, मोटारीत बसून ती रस्त्याने हाकीत नेणे. आणि दुसरी, ती रेल्वेच्या वाघिणीवर चढवून, तिची चाके जखडून, स्वतः त्याच गाडीच्या डब्यात चादर ओढून झोपी जाणे. पहिल्या पद्धतीत मोटार मालकाला नेते आणि दुसरीत मालक मोटारीला नेतो. खर्च, वेळ, इंधन आणि पाठीचे मणके या चारही कसोट्यांवर या पद्धतींची तुलना करणे अवघड नाही. परंतु मराठी मोटारमालक ही तुलना कागद-पेन्सिल घेऊन सहसा करीत नाही, तर गणेशचतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात, जेवणाच्या पानावर, चढ्या आवाजात करतो आणि तिचा निकाल तुलना सुरू होण्यापूर्वीच लागलेला असतो. कोकण रेल्वेने २०२५ च्या गणेशोत्सवात कोलाड ते गोव्यातील वेर्णा या मार्गावर मोटारींसाठी जी सेवा सुरू केली, तिच्यामुळे या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास करण्याची सोय झाली आहे.

या सेवेचे नाव ‘रो-रो’. रोल-ऑन, रोल-ऑफ या शब्दांचे हे लघुरूप असून, वाहनाने आपल्याच चाकांवर चढावे आणि आपल्याच चाकांवर उतरावे, मध्ये क्रेन किंवा हमाल यांचा संबंध येऊ नये, असा त्याचा अर्थ आहे. कोकण रेल्वेला ही कल्पना नवी नव्हती. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाल्यावर दुसऱ्याच वर्षी कोलाड आणि वेर्णा यांच्या दरम्यान मालाने भरलेले ट्रक वाघिणींवरून नेण्यास प्रारंभ झाला, आणि तेव्हापासून ट्रकचालक व त्याचा क्लीनर आपल्याच केबिनमध्ये बसून, स्टिअरिंगला हात न लावता, कशेडी आणि परशुराम हे दोन्ही घाट चुकवून गोव्याच्या हद्दीत उतरत आले आहेत. पाव शतकाहून अधिक काळ ट्रक रेल्वेने आरामात जात होते आणि मोटारी रस्त्यावरच्या खड्ड्यांतून जात होत्या, ही विसंगती कुणाच्या तरी लक्षात येण्यास २०२५ साल उजाडावे लागले.

जाहीर झालेल्या योजनेनुसार एका गाडीला २० वाघिणी आणि एका वाघिणीवर दोन मोटारी, म्हणजे एकंदर ४० मोटारींची सोय होती. कोलाड ते वेर्णा एका मोटारीचे भाडे ७,८७५ रुपये ठरले; त्यांपैकी ४,००० रुपये नोंदणीच्या वेळी आणि उरलेले निघण्याच्या दिवशी भरावयाचे होते. मूळ वेळापत्रकात गाडी संध्याकाळी ५ वाजता कोलाडहून सुटून दुसऱ्या दिवशी पहाटे ५ वाजता वेर्ण्याला पोहोचणार होती, आणि मोटारमालकाने सुटण्याच्या वेळेआधी तीन तास हजर राहावे अशी अट होती. पुढे सिंधुदुर्गातील प्रवाशांसाठी नांदगाव रोड येथेही थांबा देण्यात आला, कारण गणपतीला निघालेल्या चाकरमान्याला कणकवलीच्या अलीकडे उतरावयाचे असताना त्याला वेर्ण्यापर्यंत नेऊन पुन्हा उलटे पाठविणे हे देवालाही रुचले नसते.

या योजनेतील सर्वांत विचारप्रवर्तक कलम १६ मोटारींचे होते. नोंदणी १६ मोटारींपर्यंत न पोहोचल्यास ती फेरी रद्द करून नोंदणीचे पैसे परत दिले जातील, असे रेल्वेने आधीच सांगून ठेवले होते. हिशेबाच्या दृष्टीने यात काहीही गैर नाही. परंतु मोटारमालकाच्या मनोव्यापारावर या कलमाचा जो परिणाम होतो, त्याची दखल अर्थशास्त्रात घेतली जात नाही. ज्या गृहस्थाने आयुष्यभर महामार्गावर दिसणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या मोटारीकडे ‘हा आजच कशाला बाहेर पडला’ अशा नजरेने पाहिले, त्याच गृहस्थाला आता आणखी पंधरा मोटारी आपल्याबरोबर याव्यात म्हणून देव पाण्यात घालून बसावे लागते. इतरांच्या मोटारींविषयी इतका निर्मळ सद्भाव महाराष्ट्रात यापूर्वी केवळ गॅरेजवाल्यांच्या मनात आढळत असे.

दुसरे कलम कुटुंबसंस्थेच्या मुळाशी जाणारे होते. गाडी चालू असताना कोणालाही मोटारीत बसता येणार नव्हते. ट्रकचालकाला जो हक्क पूर्वीपासून मिळालेला आहे, तो मोटारमालकाला मिळाला नाही. त्याऐवजी प्रत्येक मोटारीमागे तीन प्रवाशांना जोडडब्यांतून जाण्याची मुभा होती: दोघांना वातानुकूलित तृतीय श्रेणीत, माणशी ९३५ रुपयांत, आणि एकाला एसएलआर डब्यातील बाकावर, १९० रुपयांत. एसएलआर म्हणजे गाडीच्या टोकाला असलेला असा डबा, ज्यात थोडी बसण्याची जागा, थोडी सामानाची जागा आणि ट्रेन मॅनेजरची, म्हणजे ज्यांना पूर्वी गार्ड म्हणत त्यांची, खोली एकत्र नांदतात. आता पाच आसनांच्या मोटारीत पाचच माणसे बसतात असे मानणारा मनुष्य मराठी कुटुंबात वाढलेला नसतो; त्यामुळे आजी, नवरा, बायको, दोन मुले आणि ऐन वेळी ‘तुम्ही निघालाच आहात तर’ म्हणून सामील झालेला मेहुणा, एवढ्यांपैकी तिघे कोण, आणि त्या तिघांतही थंड हवेत पांघरूण घेऊन झोपणारे दोघे कोण व रात्रभर बाकावर ताठ बसणारा एक कोण, हा प्रश्न कोणत्याही वेळापत्रकाने सुटणारा नाही. आजीला एसएलआरमध्ये बसविणे शक्य नसते, मुलांना एकटे ठेवणे शक्य नसते, आणि मेहुण्याला तेथे बसविल्यास त्याचे पडसाद पुढील तीन-चार गणपतींपर्यंत उमटत राहतात. शेवटी ज्याच्या नावावर मोटार आहे, तोच बाकावर बसतो, आणि उरलेल्या मंडळींना तुतारी एक्सप्रेसच्या प्रतीक्षायादीत सोडून दिले जाते.

तथापि या सेवेचा खरा पेच भौगोलिक आहे. कोलाड हे गाव रायगड जिल्ह्यात, मुंबईपासून सुमारे १२० किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाला लागून आहे. या महामार्गाच्या चौपदरीकरणास पळस्पे ते इंदापूर या टप्प्यापासून २०११ मध्ये सुरुवात झाली, आणि त्यानंतरचा प्रत्येक गणेशोत्सव ‘यंदा गणपतीपूर्वी रस्ता खड्डेमुक्त’ या आश्वासनाने सुरू होऊन पुढील वर्षीच्या त्याच आश्वासनाने संपत आला आहे. पळस्पे सोडल्यावर पेण, वडखळ, नागोठणे अशी जी ठिकाणे येतात, त्यांची नावे चाकरमान्यांच्या पिढ्या वाहतूककोंडीच्या बातम्यांतूनच शिकल्या आहेत. रस्त्याचा त्रास टाळण्यासाठी रेल्वे गाठावयाची असेल, तर मुंबईकराला आधी याच रस्त्याने, याच पट्ट्यातून, आणि तेही दुपारी दोनच्या आत कोलाडला पोहोचावे लागते. रेल्वेच्या बाजूने न्यायाने एवढे सांगितले पाहिजे की इंदापूर आणि माणगाव येथील कोंडी कोलाडच्या पुढे असल्यामुळे ती खरोखरच चुकते. परंतु नागोठण्यापर्यंत पोहोचलेल्या मनुष्याची मनःस्थिती ‘एवढे सोसले, आता पुढचेही सोसू’ अशी झालेली असते, आणि अशा मनुष्याला मोटार फाटकाच्या आत वळवून तीन तास थांबण्यास सांगणे म्हणजे त्याच्या पराक्रमावर पाणी ओतणे होय.

खर्चाचा हिशेब त्यामानाने सरळ आहे. मोटारीचे ७,८७५, वातानुकूलित डब्यातील दोघांचे १,८७० आणि बाकावरील एकाचे १९०, असे मिळून ९,९३५ रुपये होतात. कोलाड ते वेर्णा रस्त्याने सुमारे साडेचारशे किलोमीटर पडते; लिटरमागे १५ किलोमीटर चालणाऱ्या मोटारीला ३० लिटर पेट्रोल लागते, म्हणजे तीन हजारांच्या थोडे वर. शिवाय गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या वाहनांना शासन टोलमाफीचे पास देते, आणि जो टोल एरवी फारसा जाणवलाही नसता, तो वाचला या आनंदाला मोल नसते. या हिशेबात मोटारीची झीज, टायर, सस्पेन्शन आणि चालकाची कंबर धरावयास हवी, असे रेल्वेचे समर्थक म्हणतात व ते बरोबरही आहे; पण मराठी गृहस्थ कंबरेचा खर्च प्रवासखात्यात न टाकता वैद्यकीय खात्यात टाकत असल्यामुळे तो या तुलनेत कधी उतरत नाही.

वेळेच्या बाबतीत प्रश्न एकेरी मार्गाचा आहे. रोहा ते वीर हा ४६ किलोमीटरचा पट्टा २०२१ मध्ये दुहेरी झाला असला, तरी कोकण रेल्वेचा पुढचा बहुतेक मार्ग अद्याप एकेरीच आहे, आणि एकेरी मार्गावर समोरून येणारी किंवा मागून वेगाने येणारी गाडी निघून जाईपर्यंत दुसरीला स्थानकात बाजूच्या रुळावर थांबावे लागते. यालाच प्रवासी ‘क्रॉसिंगला लागली’ असे म्हणतात. गणपतीच्या दिवसांत जादा गाड्यांची रीघ लागलेली असताना मोटारी वाहणाऱ्या गाडीने साऱ्यांना वाट करून द्यावी, हे ओघानेच आले. चारशेहून थोडे अधिक किलोमीटर आणि १२ तास, म्हणजे सरासरी वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास पडतो. महामार्गावर हाच वेग पडला असता तर मालकाने वृत्तपत्राला पत्र लिहिले असते. रेल्वेत पडतो तेव्हा तो कूस बदलून पुन्हा झोपतो, आणि या सेवेचा सर्वांत मोठा गुण तोच आहे.

दुर्दैवाने या गुणाची कदर करणारा मालक दुर्मीळ असतो. वाघिणीवर मोटार चढल्यावर हॅण्डब्रेक ओढून, चाके जखडली गेल्याची खात्री करून, दारे बंद करून तो खाली उतरतो, आणि तेथून दहा पावले गेल्यावर कुलूप लागले की नाही हे पाहण्यासाठी परत येतो. दुरून किल्लीचे बटण दाबतो, मोटार दिवे मिचकावून उत्तर देते, आणि बालवाडीच्या पहिल्या दिवशी फाटकाबाहेर घुटमळणाऱ्या पालकाप्रमाणे तो आणखी थोडा वेळ तेथेच रेंगाळतो. मग बर्थवर पडल्यापडल्या त्याला क्रमाक्रमाने आठवते की चार्जर मोटारीत आहे, आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोटारीत आहेत, आणि शिदोरीचा डबा, ज्यात दशम्या व शेंगदाण्याची चटणी आहे, तो मागच्या आसनाखाली नीट कोंबून ठेवलेला आहे.

रस्त्याने जाण्याच्या पद्धतीत या उणिवा नसतात, कारण तेथे प्रवास हा पोहोचण्यासाठी केला जातो असे गृहीतच धरलेले नसते. ‘पहाटे चारला निघायचे’ हा ठराव एकमताने होतो आणि मोटार साडेसहाला निघते. मार्गाविषयी दोन पंथ असतात: पनवेलहून सरळ खाली उतरणाऱ्यांचा एक, आणि ‘पुण्यावरून कोल्हापूर गाठायचे, मग गगनबावडा, फोंडा नाहीतर आंबोली, कुठलाही घाट धरायचा’ असे मानणाऱ्यांचा दुसरा. दुसऱ्या पंथाला अंतर जास्त पडते, परंतु त्याचे अनुयायी पोहोचल्यावर पहिल्या पंथातील नातलगांना ‘तुम्ही किती वाजता निघाला होता?’ एवढाच प्रश्न विचारतात आणि जास्तीचे पेट्रोल तेथेच वसूल करतात. चालकाच्या शेजारच्या आसनावर बसणारी व्यक्ती फोनमधील नकाशा पाहून डावीकडे वळण्यास सांगते, चालक ‘मला माहीत आहे’ असे म्हणून सरळ जातो, आणि पुढच्या टपरीवर काच खाली करून मुलाला विचारावयास लावतो. घाटात गाडी लागणाऱ्यांसाठी आल्याच्या गोळ्या आणि आवळासुपारी यांचा पुरवठा होत असतो. ज्याच्यासाठी तो होतो, तो सोडून बाकी सर्वजण त्या खातात. या साऱ्या व्यवहारात स्टिअरिंगवर बसलेल्या व्यक्तीला जे अध्यक्षपद मिळते, गाणे कोणते लावायचे, कोठे थांबायचे आणि कोणाला लागलेली भूक खरी मानायची याचे जे अधिकार मिळतात, ते वातानुकूलित तृतीय श्रेणीच्या मधल्या बर्थवर मिळत नाहीत.

दुचाकीच्या बाबतीत मात्र हा समाज अधिक समंजस आहे. मोटारसायकल रेल्वेने पाठविण्याची प्रथा जुनी असून तिचे दोन प्रकार आहेत: मालकाच्या तिकिटावर, तो जाणार असलेल्या गाडीने दुचाकी गेली तर ती ‘लगेज’, आणि तिकिटाविना स्वतंत्रपणे पाठविली तर ती ‘पार्सल’. दोन्ही प्रकारांत टाकीतील पेट्रोल काढून टाकावे लागते, आरसी बुकाची प्रत जोडावी लागते, आणि पार्सल कार्यालयाबाहेर बसलेल्या कारागिरांकडून दुचाकीला गोणपाट व पुठ्ठ्यांत गुंडाळून घ्यावे लागते. हे कारागीर काही मिनिटांत तिला असे बांधतात की तिचा मालकही केवळ पुठ्ठ्यावर लिहिलेल्या स्थानकाच्या नावावरून तिला ओळखू शकतो. उतरल्यावर ती ठरलेल्या मुदतीत न उचलल्यास जागा अडविल्याबद्दल ‘वार्फेज’ नावाचा आकार भरावा लागतो, आणि उचलल्यावर टाकी रिकामी असल्यामुळे ती पेट्रोलपंपापर्यंत ढकलीत न्यावी लागते. लडाखला निघालेले कित्येक तरुण याच मार्गाने आपली मोटारसायकल दिल्ली, चंदीगड किंवा जम्मूपर्यंत पाठवितात आणि पुढील रस्ता चालवीत जातात. छायाचित्राखाली मात्र ‘मुंबई ते लडाख’ असेच लिहिलेले असते, आणि दुचाकी त्या सर्व स्थानकांवरून गेलेली असल्यामुळे तांत्रिकदृष्ट्या ते खोटेही ठरत नाही.

परदेशांतील अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या लॉर्टनपासून फ्लोरिडातील सॅनफोर्डपर्यंत ‘ऑटो ट्रेन’ नावाची गाडी धावते. १९७१ मध्ये एका खाजगी कंपनीने ती सुरू केली, १९८१ मध्ये ती बंद पडली, आणि १९८३ मध्ये अ‍ॅमट्रॅक या सार्वजनिक रेल्वे कंपनीने तिचे पुनरुज्जीवन केले. सुमारे १,३७५ किलोमीटरचे अंतर ती साधारण १७ तासांत कापते. मोटारी बंदिस्त डब्यांत असतात, दारावर चुंबकाने क्रमांक चिकटविलेला असतो, आणि पोहोचल्यावर क्रमांक पुकारला जाईपर्यंत मालकांना वाट पाहावी लागते. ज्यांना तेवढा धीर नसतो, त्यांच्यासाठी जादा पैसे घेऊन मोटार लवकर उतरवून देण्याची सोय आहे. युरोपातील कथा मात्र उतरणीची आहे. ब्रिटनमध्ये १९५५ मध्ये लंडन ते पर्थ अशी सुरू झालेली मोटारवाहू रात्रगाडीची परंपरा १९९५ मध्ये खंडित झाली आणि जर्मन रेल्वेने आपली अशी सेवा २०१६ मध्ये गुंडाळली, कारण मधल्या काळात रस्ते उत्तम झाले, विमाने स्वस्त झाली आणि उतरल्याठिकाणी मोटार भाड्याने मिळू लागली. रस्ते उत्तम झाल्यामुळे रेल्वेची सेवा बुडण्याचा धोका कोकणात नजीकच्या काळात संभवत नाही, एवढे समाधान कोकण रेल्वेने बाळगण्यास हरकत नाही.

अमेरिकेतील गाडी टिकली, त्याची कारणे सरळ आहेत: अंतर एवढे मोठे आहे की एका दमात ते चालवीत जाणे अवघड, गाडी मोठ्या शहराच्या दाराशी सुटते, आणि मोटारीतले सारे कुटुंब एकाच गाडीत झोपते. कोलाड-वेर्णा सेवेला पहिल्या हंगामात प्रतिसाद बेताचाच मिळाला, कारण या तीनही गोष्टी तिच्यात नाहीत. अंतर बदलणे कोणाच्या हातात नाही. पण सुटण्याचे ठिकाण पनवेलच्या परिसरात आणणे आणि एका मोटारीमागे निदान पाच जणांना एका डब्यात जागा देणे, या दोन गोष्टी झाल्या, तर १६ मोटारींची अट घालण्याची वेळ येणार नाही.

तोपर्यंतचा निर्णय पुढीलप्रमाणे देता येतो. ज्या दांपत्याची मुले मोठी झाली आहेत, कंबर कुरकुरते आहे आणि गावी पंधरा दिवस मुक्काम आहे, त्यांनी सेवा चालू असल्यास मोटार वाघिणीवर चढवून निवांत झोपावे. जादा सहा-सात हजार रुपयांचा मोबदला त्यांना पुरेपूर मिळेल. ज्यांच्याबरोबर आजी, मुले, मखर आणि मेहुणा आहे, त्यांनी रस्ताच धरावा. आणि ज्यांना गावी केवळ पाच दिवस राहावयाचे आहे व तेथे मोटारीचे काम मुख्यतः ती अंगणात उभी असलेली शेजाऱ्यांना दिसणे एवढेच आहे, त्यांनी मोटार मुंबईतच झाकून ठेवावी, ६० दिवस आधी आरक्षण खुले होते त्याच सकाळी कोकणकन्या एक्सप्रेसचे तिकीट काढावे, आणि स्थानकापासून घरापर्यंत रिक्षाने जावे.